वार्टबुर्गची खरवडलेली भिंत



जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात आयझेनाख हे गाव आहे. थोर संगीतकार बाख याचा जन्म इथलाच. गावाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर वार्टबुर्ग किल्ला आहे. १०६७ साली लुडविग नावाच्या सरदाराने तो बांधायला घेतला असं परंपरा सांगते; पहिला लेखी उल्लेख १०८० चा. आतला मुख्य वाडा बाराव्या शतकातला. हंगेरीची राजकन्या एलिझाबेथ १२११ मध्ये, अवघ्या चार वर्षांची असताना, लुडविगच्या घराण्याची भावी सून म्हणून इथे आली. पुढे तिने गोरगरिबांच्या सेवेत आयुष्य वेचलं, आणि चर्चने तिला संतपद दिलं.

पण आज लोक गड चढतात ते मुख्यतः एका साध्या लाकडी खोलीसाठी. मे १५२१ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला इथे लपवून ठेवलं होतं. सम्राट त्याला कायद्याचं संरक्षण नाकारणार होता. मग त्याला कोणीही पकडून द्यावं, अशी स्थिती येणार होती. तेव्हा सॅक्सनीच्या शासकाने वाटेतच त्याला पळवून नेण्याचा देखावा केला आणि या गडावर आणून ठेवलं. ल्यूथरने दाढी वाढवली, ‘सरदार यॉर्ग’ असं नाव घेतलं, आणि अकराएक आठवड्यांत बायबलचा नवा करार मूळ ग्रीकवरून जर्मन भाषेत उतरवला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात तो छापून आला.

आता दंतकथा अशी, की सैतान त्रास द्यायला आला तेव्हा ल्यूथरने त्याच्यावर शाईची दौत भिरकावली. भिंतीवर डाग पडला. भाविक आले, डागाचा गिलावा खरवडून घेऊन गेले. डाग गेला, की नवा रंगवायचा, पुन्हा खरवड! त्याच्या मेजाचंही तेच झालं. ढलप्या काढून काढून मेज संपलं, आणि ल्यूथरच्या नातलगांकडचं दुसरं मेज आणून ठेवावं लागलं. खोलीत देवमाशाच्या मणक्याचं पायटेकण आहे. मूळ सामानापैकी तेवढंच उरलं, असं सांगतात. शत्रूंनी जे नेलं नाही ते प्रेमाने नेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढच्या काळात गड ढासळत चालला होता. इथे कलासंग्रह उभारावा अशी सूचना कवी गटेने १८१५ च्या सुमारास केली. १८१७ मध्ये विद्यार्थ्यांनी इथेच जमून अखंड जर्मनीची मागणी केली. त्याच मेळाव्यात पुस्तकांची होळीही झाली, हेही सांगायला हवं. मग १८३८ पासून राजपुत्र कार्ल अलेक्झांडर याने जीर्णोद्धार हाती घेतला. रिटगेन हा वास्तुकार, श्विंड हा चित्रकार. त्यांनी नुसती डागडुजी केली नाही. मध्ययुग जसं त्यांच्या मनात होतं, तसं उभं केलं.

विसाव्या शतकात, पूर्व जर्मनीच्या काळात, वाड्यातली ही नवी सजावट बरीचशी उतरवून जुना दगड उघडा केला गेला. माझ्या मते ते काही अंशी योग्यच होतं. पण श्विंडची भित्तिचित्रं ठेवली, हे अधिक शहाणपणाचं. १९९९ मध्ये युनेस्कोने वार्टबुर्गला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो बाराव्या शतकातल्या भिंती आणि एकोणिसाव्या शतकातली पुनर्रचना, दोन्ही लक्षात घेऊन. शाईचा डाग मात्र आता कोणी रंगवत नाही. पाहायला मिळते ती उघडी, खरवडलेली भिंत, आणि संग्रहालयाने ती तशीच दाखवावी हे मला मनापासून पटतं.