ओव्हरहॉल : जहाजावरून आपल्या जिन्यापर्यंत

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांबद्दल चार शब्द बोला, असं मला सांगितलंय. मी एकाच शब्दावर बोलणार आहे : ओव्हरहॉल. आपल्या म्हसवडच्या गॅरेजात त्याला 'ओव्हरऑइल' म्हणतात. ट्रॅक्टर धूर ओकायला लागला की मिस्त्री सांगतो, "मालक, इंजिन ओव्हरऑइलला आलंय." पण या शब्दाचा ऑइलशी काही संबंध नाही.

हा शब्द समुद्रावरचा. 'हॉल' म्हणजे ओढणे. शिडाच्या जहाजावर कप्प्यांतून दोर ओवलेले असत. ते उलट ओढून सैल करायचे, म्हणजे ओव्हरहॉल. सैल केलेला दोर खलाशी नीट तपासत. त्यावरून 'खोलून, तपासून दुरुस्त करणे' हा अर्थ आला. पुढचं जहाज गाठून मागे टाकणे, यालाही हाच शब्द. म्हणून इंग्रजी कॉमेंटरीत समोरच्याची धावसंख्या 'ओव्हरहॉल' होते.

आपल्या माणदेशात समुद्र कुठला? पण ज्यांनी मोट पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. भरलेली मोट वर येताना नाडा ताठ असतो, तेव्हा तो धडधाकटच वाटतो. कुठे झिजलाय ते कळायला मोट थांबवून तो हातात घ्यावा लागतो, पीळ न् पीळ बघावा लागतो.

आपली इमारतही अशीच ताठ उभी आहे. रंग दिला, गच्चीवर डांबर ओतलं, जिन्यातली भेग सिमेंटनं बुजवली. ती भेग पुन्हा दिसू लागली आहे. उपविधी सांगतात : 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी, त्यानंतर दर 3 वर्षांनी. आपण तो विषय तीन सभांत पुढे ढकलला. ढकलणाऱ्यांत माझाही हात वर होता, हे कबूल करतो. खर्चाची भीती वाटली, दुसरं काय!

खर्चासाठी सिंकिंग फंड असतो : बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. हे नाव ऐकून जहाज बुडाल्यासारखं वाटतं, पण ते तसं नाही. इंग्रजीत कर्ज 'सिंक' करणे म्हणजे ते फेडून संपवणे. आपल्याकडे कर्ज बुडवणे म्हणजे काय, ते सांगायला नको! तेव्हा ज्यांची वर्गणी थकली आहे, त्यांनी या बाबतीत मराठी अर्थ न घेता इंग्रजी अर्थ घ्यावा.

येत्या सभेत ऑडिटचा ठराव मीच मांडणार आहे. अनुमोदन तुम्ही द्या. ज्या जिन्यात आपली पोरं खेळून मोठी झाली, तिथं आता नातवंडं खेळताहेत. नाडा तुटायच्या आधी तपासलेला बरा.

सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!