तळ्याकाठची जमीन आणि बहिणीची सही

(जालना येथे बचत गटांतील स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज पर्यटन या विषयावर बोलायचं आहे म्हटल्यावर तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. बरोबरच आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या, दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणाऱ्या जालन्याच्या बायकांना बोटिंगचं काय कौतुक सांगायचं? पण हा विषय आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. धरणांलगतच्या मोकळ्या जागा आणि विश्रामगृहं खाजगी सहभागातून पर्यटनासाठी द्यायचं धोरण राज्याच्या जलसंपदा विभागाने २०१९ साली आणलं. समृद्धी महामार्ग आपल्या बदनापूर आणि जालना तालुक्यांतून गेला. रस्ता आला की जमिनीला भाव येतो. जवळपास पाण्याचा काठ असेल, तर शहरातला माणूस तिथे फार्महाऊससाठी तुकडा शोधत येतो. म्हणून हे सगळं जिथे आधी घडून गेलं, तिथली हकीकत आपल्याला माहीत असायला हवी.

ते ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातला मुळशीचा भाग. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. बायकाही त्यात उतरल्या होत्या. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. आज त्याच पाण्याच्या काठावर रिसॉर्टं आहेत.

त्याच तालुक्यात मोसे नदीचं खोरं आहे. तिथे वरसगाव धरण झालं, ते पुण्याच्या पिण्याच्या पाण्यासाठी आणि खालच्या शेतीसाठी. खोऱ्यातली माणसं उठली. काही लांब पुनर्वसनात गेली, काही डोंगराच्या अंगाने वर सरकून राहिली. १९९६ मध्ये सरकारने खाजगी गिरिस्थानांसाठी नियम केले, २००१ मध्ये या भागातली १८ गावं त्यासाठी जाहीर झाली आणि लवासा उभं राहू लागलं. दासवे गावाशी बांध घालून तळं केलं. त्याच्या काठाने इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर रंगीत इमारती उठल्या, होड्या आल्या. घरं घेणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे. त्यांचं पहिलं घर शहरात होतंच, हे दुसरं.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मंजुरीच्या प्रश्नावरून काम थांबवलं. वर्षभराने अटी घालून परवानगी मिळाली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनीचं दिवाळं निघालं म्हणून विकलेलं शेत शेतकऱ्याला आपोआप परत मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

लवासाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. झाडं, डोंगरफोड, पुण्याचं पाणी, राजकारण्यांचे हितसंबंध. ते महत्त्वाचं आहेच. पण मला तुमच्यापुढे वेगळा प्रश्न ठेवायचा आहे. जमीन विकली जाते तेव्हा बाईला कोण विचारतं?

समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी या जिल्ह्यात काम करू लागले, तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जमिनीला भाव नसतो, तोवर वारसनोंदीत बहिणींची नावं नुसती पडून असतात. कुणाला त्यांची अडचण होत नाही. गिऱ्हाईक आलं की भाऊ साडी घेऊन बहिणीच्या दारी येतो. “अक्का, तेवढी एक सही करून टाक, माहेर तुझंच आहे.” तिला निबंधकाच्या कचेरीत नेतात. हक्कसोडपत्र होतं. लाखांची जमीन एका साडीवर सुटते. सही केली नाही तर माहेर तुटतं, म्हणून ती करते. हा प्रेमाचा व्यवहार नाही. प्रेम असतं तर वाटा काढून ठेवला असता आणि मग साडी आणली असती.

कायदा काय म्हणतो? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळलं. २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलला, लग्न झालेलीलाही तो हक्क आला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत. म्हणजे भाऊ मागतो ती नुसती सही नसते, मिळकत असते.

सासरची तऱ्हा निराळी. नवऱ्याच्या नावावरचं शेत त्याने तुम्हाला न विचारता विकलं, तर ते अडवणं फार कठीण. म्हणूनच १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला होता, बायकोच्या नावे जमीन करून देण्याचा. गावोगावच्या पुरुषांनी तशी करून दिली. तेव्हा झालं, ते आता का होऊ नये?

ज्या काठाचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो, त्याचं काय? धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत हरभरा, काकडी, टरबूज लावतात. भोई बाया मासे विकतात. शेरडं-गुरं तिथे पाण्यावर जातात, धुणं तिथे होतं. यावर घरं चालतात, पण यातलं बरंचसं कुठल्याच कागदावर नसतं. काठाला कुंपण पडलं की हे सगळं बंद होतं, आणि नुकसानभरपाईच्या यादीत त्याचा रकाना नसतो. बदल्यात रोजगार मिळेल, असं सांगतात. मिळतो, ते खोटं नाही. बंगल्याची झाडलोट, हॉटेलच्या चादरी, भांडी. पण काल जी आपल्या वावरात राबत होती, ती आज त्याच वावरात फरशी पुसते, याला विकास म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

मी सहलींच्या विरोधात नाही. आपल्यालाही एखाद्या रविवारी होडीत बसावंसं वाटतं, आणि बाईने मौज करू नये असं म्हणणारे आपल्यात नकोतच. पण घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळापासून जालना शहराला पाणी पाजतो आहे. दुष्काळात त्यातला गाळ उपसायला लोक पुढे आले, ते पाण्यासाठी. कुठल्याही तलावावर आधी तहानेचा हक्क, मग पोटाचा आणि त्यानंतर मौजेचा. हा क्रम उलटा होऊ लागला की बायकांनी उठून बोललं पाहिजे.

त्यासाठी काय करायचं? तलावाकाठी काही येणार असं कानावर आलं, तर महिला ग्रामसभेत विषय घ्या आणि ठराव लिहून घ्या. काठावर कोण काय करून पोट भरतं, त्याची यादी गटातल्या बायकांनीच करून ठेवा. फेरफाराची नोटीस आली तर वाचून घ्या. हरकत तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. हक्कसोडीची सही मागितली तर “विचार करून सांगते” म्हणा आणि गटात येऊन बोला. एकटीला नाही म्हणणं जड जातं, दहाजणी पाठीशी असल्या की सोपं होतं.

आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकीने दोन कागद आणायचे : माहेरच्या शेताचा सातबारा आणि सासरच्या शेताचा सातबारा. त्यावर आपलं नाव कुठे आहे आणि कुठे नाही, ते आपण एकत्र बसून वाचू.