तळ्यातील नाव आणि समुद्राचा काठ



सोनागिरी ही भोपाळच्या पूर्व अंगाची वसाहत. तेथून समुद्र शेकडो मैल दूर. तथापि कयाक ही चिंचोळी नौका तेथील मराठी कुटुंबांस अपरिचित नाही. भोपाळच्या तलावांवर तिचा सराव नित्य चालतो. तेथेच तयार झालेल्या प्राची यादव यांनी 2023 साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत कयाकमध्ये सुवर्णपदक मिळविले.

परंतु कयाक ही मुळात शर्यतीची नौका नव्हे. उत्तर ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोकांनी लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती समुद्रातील शिकारीसाठी घडविली. आपल्या कोकणातील उलांडीची होडीही अशीच लहान व वल्ह्यांवर चालणारी. तिच्या एका बाजूस आडव्या दांड्यांनी जोडलेले उलांडीचे लाकूड तिला कलंडू देत नाही. कयाकला तो आधार नाही. तिचा तोल बसणाऱ्याच्या कमरेत असतो. म्हणून गळास मोठा मासा लागला, तर त्यास नौकेच्या नाळेकडे खेळवावे. बाजूने ओढू नये.

फाल्गुन-चैत्रात सकाळचा समुद्र शांत दिसतो, आणि फसगत होते ती तेथेच. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. नौका सहज पुढे जाते, आणि वल्हविणाऱ्यास ते आपल्याच बाहूंचे बळ वाटते. परतताना तोच वारा तोंडावर येतो. दुपारी खारा वारा सुटला, की तो किनाऱ्याकडे लोटतो खरा, पण लाटाही उठवितो. आडवी सापडलेली लहान नौका तेव्हा उलटते.

भरतीचा हिशेब कोळी तिथीवरून करतात. मुंबईच्या आसपास तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या मुखाशी ओहोटीची ओढ विलक्षण असते. अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे पाणी नवख्यास बरे.

तळ्यास चोहोंकडे काठ असतो. समुद्रावर गेलेल्यास पाठीमागचा एकच. भोपाळहून सुट्टीत कोकणात जाणाऱ्या तरुणाने तरंगजाकीट अंगात घालावे, बंदरावरील वृद्ध कोळ्यास वारा-पाणी विचारावे, आणि मासा मिळो वा न मिळो, निम्म्याहून अधिक बळ परतीसाठी राखावे.