आधी पावती, मग वर्गणी



दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली गावं निम्मी ओस पडतात. जोडपी ऊसतोडीला जातात. म्हातारी माणसं आणि लेकरं मागं राहतात. त्या लेकरांच्या जेवणासाठी आमच्या गटानं एका वर्षी वर्गणी जमवली. हिशेब सगळा तोंडी. पैसा लेकरांवरच खर्च झाला, पण पारावर एका भाऊंनी विचारलं, “उरलेले कुठं गेले?” दाखवायला कागद नव्हता. पुढच्या वर्षी कुणी रुपया दिला नाही.

म्हणून सांगते. संस्था नोंदवलेली नसेल, तर वर्गणी मागण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच, १९५० च्या कायद्यातल्या कलम ४१ क ची.

कागद समजत नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानं तिथं बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.

पुढं संस्था नोंदवून तिचं पॅन कार्ड काढलंत, की नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावर नाव घाला. त्याला पैसे पडत नाहीत. सरकारी अनुदान मागताना हाच क्रमांक विचारतात. “अनुदान काढून देतो, आधी एवढे भरा,” असं कुणी म्हणालं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

यंदा आम्ही परवानगी काढली, पावतीपुस्तक छापलं. पहिली पावती त्याच भाऊंच्या नावानं फाडली.