नात्यांचा माग घेणारी भाषा

वंशावळीत पणजोबांपासून पणतूपर्यंत बोट फिरविणे सोपे. संगणकातील तक्त्यांत मात्र एसक्यूएल भाषेने दर पिढीला नवा सांधा जोडावा लागतो. पिढ्या किती हे ठाऊक नसेल, तर प्रश्न फारच क्लिष्ट होतो. नाती जशीच्या तशी साठविणाऱ्या आलेख-माहितीकोशांसाठी २०११ साली सायफर ही भाषा आली. तीत व्यक्ती कंसात, नाते बाणावर. प्रश्न म्हणजे जणू वंशावळीचे चित्रच! बाणावर तारकाचिन्ह दिले की पिढ्यांची मर्यादा सुटते.

ही मोकळीक मात्र महागही पडते. सोयरीक फिरून मूळ घरी यावी, तशी चक्रे लागली तर शोध संपेचना. म्हणून सायफरने एका वाटेत तेच नाते दुसऱ्यांदा वर्ज्य मानले. एप्रिल २०२४ मध्ये आयएसओने प्रसिद्ध केलेल्या जीक्यूएल या प्रमाणभाषेत अमर्याद प्रश्न विचारणाऱ्याने वाटेवरील बंधनही स्वतःच सांगावयाचे असते.