तिकिटाची पाठ



कामगार-चळवळीतल्या माणसाने टपालाच्या तिकिटांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु करारनामे आणि हजेरीपट चाळता चाळता आम्हांला एक सवय जडली आहे. कागदावर काय छापले आहे एवढे वाचून थांबायचे नाही. तो कागद कोठला, हेही पाहायचे. तिकिटांना हाच न्याय लागू आहे. चित्र एक म्हणून तिकीट एक, असे नव्हे.

पंचम जॉर्जचे एक आण्याचे चॉकलेटी तिकीट घ्या. १९२२ साली ते लंडनच्या डी ला रू कंपनीने छापले. १९२६ पासून तेच नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जाऊ लागले. राजा तोच, रंग तोच, दातेही तेच. मग ओळखायचे कसे? तिकीट उजेडासमोर धरावे. लंडनच्या तिकिटात एक मोठा तारा दिसेल, नाशिकच्या तिकिटात लहान लहान ताऱ्यांच्या ओळी. राजाचा चेहरा जे सांगत नाही, ते कागद सांगतो.

हा तारा म्हणजे वॉटरमार्क, जलचिन्ह. कागद ओला असताना त्यावरून तारेची नक्षी बसवलेला रूळ फिरतो. नक्षीखाली कागद किंचित पातळ होतो आणि तेथून उजेड अधिक येतो. चिन्ह अंधुक असेल तर काळ्या ताटलीत तिकीट पालथे ठेवून बेन्झिनचे दोन थेंब टाकावेत. मात्र दिवा आणि विडी दूर ठेवा! काही शाया बेन्झिनने बिघडतात. म्हणून मोलाच्या तिकिटावर हा प्रयोग करू नये.

आता कागद. १८५५ सालचे व्हिक्टोरिया राणीचे आठ आण्यांचे तिकीट निळसर कागदावर निघाले. पुढे ते पांढऱ्या कागदावर आले. या दोहोंत जलचिन्ह नव्हते. १८६५ साली कागदात हत्तीचे मस्तक आले. राणी एकच, तिकिटे तीन.

तिसरी खूण दात्यांची. १८५४ ची आपली तिकिटे भोकांवाचूनची. ती कात्रीने कापावी लागत. पुढे भोके पाडण्याची यंत्रे आली. दोन सेंटिमीटरांत जितकी भोके, तितके त्या तिकिटाचे माप. पॅरिसच्या डॉ. लेग्रां यांनी १८६६ साली ही मोजणी रूढ केली. चौदाचे माप म्हणजे दोन सेंटिमीटरांत चौदा भोके.

इथेच लबाडी शिरते. रुंद कडांच्या साध्या तिकिटाचे दाते कातरून ‘बिनदात्यांचे दुर्मिळ’ म्हणून ते विकले जाते. गिऱ्हाईक बहुधा शाळकरी पोर, नाहीतर पेन्शनीतून चार पैसे बाजूला काढणारा म्हातारा. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, असे सुटे तिकीट घेऊ नका. न कापलेली जोडी मागा. मधल्या जागेत भोके नसली पाहिजेत. विक्रेता रागावला तर रागावू द्या. आपल्या घामाचा पैसा देताना तपासून घेणे हा अपमान नव्हे, तो आपला हक्क आहे.

कागद करणारा, भोके पाडणारा, छापणारा यांची नावे तिकिटावर बहुधा नसतात. पण तिकिटाची खरी ओळख अखेर त्यांच्याच कामावरून पटते. म्हणून तिकीट हाती आले की चेहरा पाहून झाल्यावर पाठही पाहा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.