मागणी नसलेला संप



प्रवासवर्णन हा आमचा प्रांत नव्हे. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले. तरी एका कामगार परिषदेहून परतताना डिसेंबरातला एक पुरा दिवस आम्हांला हॉलंडमधील अॅमस्टरडॅम शहरात मिळाला, त्याची हकीकत सांगावी असे चालकांनी सुचविले.

तिकडे डिसेंबरात साडेआठ वाजले तरी सूर्याचा पत्ता नसतो. त्या काळोखात बायका, पोरे, म्हातारे सायकली हाकीत निघालेले. वारा असा की कान जागेवर आहेत ना, हे चाचपून पाहावे. शहराच्या मध्यभागी मोठा राजवाडा आहे. मुळात तो राजाचा नव्हे. १६५५ साली नगरगृह म्हणून उघडला. जमीन दलदलीची, म्हणून खाली १३,६५९ लाकडी खांब ठोकले असे सांगतात. खांब मोजले, ठोकणारे कोणी मोजले नाहीत. कालव्यांकाठची घरे मात्र देखणी. त्यांच्या माथ्याशी माल वर ओढून घेण्यासाठी तुळई पुढे आलेली असते. याच व्यापाऱ्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यास होती, म्हणजे ओळख जुनीच.

पण आमचे पाय ओढत होते पूर्वेकडे. तेथे १६७५ सालच्या पोर्तुगीज ज्यू प्रार्थनामंदिरामागच्या चौकात एका धिप्पाड गोदी कामगाराचा पुतळा आहे. मारी आंद्रीसेन या शिल्पकाराने केलेला, १९५२ साली बसविलेला. हातात झेंडा नाही, हत्यार नाही, मूठसुद्धा वळलेली नाही. हात अंगापासून जरा दूर, पंजे उघडे, मान वर.

१९४० च्या मे महिन्यात जर्मनांनी देश घेतला. १९४१ च्या २२ व २३ फेब्रुवारीस त्यांनी ज्यू वस्तीतून चारशेहून अधिक तरुण पकडले आणि याच चौकात आणले. ते पुढे छळछावण्यांत गेले; जवळजवळ सारेच मेले. २४ तारखेच्या संध्याकाळी एका बाजारचौकात उघड्यावर सभा झाली. पुढाकार कोणाचा? रस्त्यांना फरसबंदी करणारा विलेम क्रान आणि सफाई कामगार पीट नाक, दोघेही बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे. दुसऱ्या सकाळी ट्रामगाड्या आगाराबाहेर पडल्या नाहीत. ट्राम आली नाही, हीच शहराला दवंडी! गोदी, कारखाने, दुकाने बंद पडली. लोण हार्लेम, उट्रेख्टपर्यंत गेले. दोन दिवसांत बंदुकीच्या बळावर संप मोडला. नऊ माणसे मेली. मार्चात तीन संपकऱ्यांना गोळ्या घातल्या. क्रानला १९४२ साली.

या संपाची मागणी काय होती? पगारवाढ नाही, बोनस नाही. आमच्या शेजाऱ्यांना का नेलेत, एवढेच. आणि नेलेले परत आले नाहीत. आमच्या वहीत हा संप ‘अयशस्वी’च्या रकान्यात पडला असता.

तेथे आम्हांला एक जुनी गोष्ट आठवली. एका कारखान्यात कंत्राटी मजुरांना एका रात्रीत काढले. आमचे सभासद कायम कामगार. ‘ते आपले सभासद नाहीत,’ असे कमिटीत कोणी म्हणाले, आणि आम्ही खाली मान घालून इतिवृत्तावर सही केली. तेथे ना वेढा होता, ना बंदूक. बोनसची बोलणी तेवढी चालू होती.

चौकापासून थोड्या अंतरावर हिरे कामगारांच्या संघटनेची वास्तू आहे, बेर्लाख या वास्तुशिल्पज्ञाने १९०० साली बांधलेली. विटांचा किल्लाच तो, आणि आत सभासदांसाठी ग्रंथालयही होते! शाळा लवकर सुटलेल्या माणसाला त्याचा हेवा वाटणारच. हेन्री पोलाक यांच्या या संघटनेने १९११ साली आठ तासांचा दिवस मिळविला. देशाचा कायदा झाला १९१९ साली. तिचे निम्म्याहून अधिक सभासद ज्यू होते.

त्यांतले किती वाचले, ते जवळच २०२१ साली उभारलेल्या स्मारकापाशी उमगते. विटांच्या भिंती, आणि एकेका विटेवर नाव, जन्मतारीख, वय. अशा १,०२,००० हून अधिक विटा. एकाच आडनावाची ओळ वाचत आम्ही पुढे सरकलो. बाप चाळिशीतला, पोर चार वर्षांचे. पुढे वाचवेना.

साडेचारला अंधारले. थांब्यावर ट्राम वेळेवर आली. आम्ही चढलो, आणि पुतळा दिसतो का म्हणून धुरकटलेली काच बाहीने पुसत राहिलो.